सुट्टीबाई

ऑस्ट्रेलियाच्या लॉटरीत माझं नाव लागलं नाही.
वर्षभराचा व्हिसा होता तो:
द्राक्षं तोडा, चेरी खुडा,
उरलेल्या वेळात समुद्र बघा.
मग उद्यमबागच्या हापिसात अर्ज टाकला,
नऊ दिवसांची रजा, कारण वैयक्तिक,
आणि बेळगुंदीची लाल बस पकडली.
कंडक्टरनं आधारकार्ड बघून
शून्य रुपयांचं तिकीट फाडलं.

पहिल्या दारात म्हणाले, बटाटं कवाच निघालं.
दुसऱ्या दारात, आमची माणसं हाईत की.
तिसऱ्या दारात कुत्रं तेवढं बोललं.
राकसकोपच्या रस्त्याला एक म्हातारी भेटली,
कुठं जाऊलीस गे?
काम शोधतेय.
तिनं माझे बूट बघितले. मग हात.
मग परत बूट.
कुणाशी भांडून आलीस?
नाही हो. सुट्टी आहे.
सुट्टी हाय, आणि काम शोधूलीस?
हसता हसता तिचा पदर खांद्यावरून घसरला,
तो सावरत तीच मला
सातेरी बोकमूरकराच्या शेतावर घेऊन गेली.

सातेरी म्हणाला, साडेतीनशे. चहा माझा, भाकरी तुझी.
दुपारपर्यंत टिकलीस तर नाव विचारतो.

वेल आधीच कापून बांधाला लावलेले.
पुढं बैल, मागं नांगर,
त्यामागं आम्ही अकरा बायका वाकून
तांबड्या मातीतनं रताळी उपसत.
मी ओढलं की मोडायचं.
मोडलं की पांढरा चीक यायचा,
बोटांवर वाळून काळा पडायचा.
शेजारच्या ओळीत निंगव्वा होती, बैलहोंगलकडची.
मेल्लग, म्हणाली, मेल्लग,
आणि माझं मनगट धरून
मातीत घातलं, रताळ्याच्या खाली,
जिथं ते अजून ओलं आणि एकटं होतं.
तिथनं ते आपणहून हातात आलं.

चहाला तिनं बोट दाखवून विचारलं, सूटी?
हूं, म्हटलं, सुट्टी.
तिच्या भाषेत तो शब्द जरा लांब होता.
तुझी कधी, मी खुणेनं विचारलं.
तिनं हातातला कप वर केला.
त्यात दोन घोट राहिले होते.

सीमेचा वाद नऊ दिवसांत एकदाच झाला,
यल्लूबाई म्हणाली ही सरी माझी,
शांताक्का म्हणाली खुंटीपासनं अलीकडं माझी.
दोघीही मराठीत भांडल्या, कन्नडमध्ये शिव्या दिल्या,
आणि मधल्या वेळेत सरी मीच उपसली.

संध्याकाळी पोती शिवायची.
ट्रक दिल्लीला जाणार म्हणे, तिकडं कसला तरी उपास आहे.
यल्लूबाई दाभण ओढत म्हणाली,
आम्ही खाल्लं तर जेवण,
त्यांनी खाल्लं तर उपास.
वेलाच्या जाळात भाजलेलं एक तिनं मला दिलं,
अर्धं करपलेलं, अर्धं मधासारखं.
जीभ भाजली. तरी थांबले नाही.

नाव सातेरीनं शेवटपर्यंत विचारलं नाही.
हजेरीच्या वहीत त्यानं लिहिलं होतं
सुट्टीबाई,
पुढं आठ टिक आणि एक अर्धी
(कंबर धरली त्या दिवसाची).

दहाव्या दिवशी हापिसात साहेब म्हणाले,
गोव्याला गेलतीस काय, रंग उतरलाय चांगलाच.
मी दारातल्या यंत्रावर अंगठा ठेवला.
ते म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
पुसून ठेवला. पुन्हा प्रयत्न करा.
चीक लिंबानं जात नाही, रॉकेलनं जात नाही,
यल्लूबाई म्हणाली होती, जाईल गे,
नवं कातडं येईल तवा जाईल.

मागं रांग लागली होती.
मी डावा अंगठा लावला.
त्याची नोंदच नव्हती.